टू-बाय-टू फेअरलेडीसाठी जपानमधून आणलेला बॉडी किट: एका संचाचं पूर्ण प्रकरण

गाडी निस्सान फेअरलेडी झेड, झेड ३२ पिढीची. ट्विन टर्बो, टी-बार छप्पर (मधली पट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे तुकडे काढता येतात असं) आणि टू-बाय-टू, म्हणजे मागे दोन छोट्या सीट असलेली बॉडी. मालकाला तिच्यासाठी १९९०च्या दशकात एका छोट्या जपानी ट्यूनिंग वर्कशॉपने काढलेला फायबरचा किट हवा होता: पुढचा बंपर, दोन साइड स्टेप (दारांखाली दोन चाकांच्या मध्ये बसणाऱ्या पट्ट्या) आणि मागचा बंपर. ते वर्कशॉप कधीच बंद झालं आहे. नवा माल मिळण्याचा प्रश्नच नव्हता. जो काही मिळेल तो जपानमधल्या कुणाच्या तरी शेडमधून किंवा मोडीत निघालेल्या गाडीवरून काढलेला असणार होता.

या शोधात मी सुरुवातीपासून मालकाबरोबर होतो. हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं, कारण सगळ्यांचं लक्ष बोलीच्या रकमेकडे असतं. आमचा निकाल मात्र बंपरच्या मागच्या बाजूच्या फोटोंनी आणि एका टेपमापाने लावला.

एकाच नावाच्या दोन बॉडी

झेड ३२ जपानमध्ये जुलै १९८९मध्ये आली आणि २०००पर्यंत बनत राहिली. अमेरिकेत ती ३००झेडएक्स नावाने विकली जायची, तिथली विक्री १९९६मध्येच थांबली. तीन लिटरचं व्ही-६ इंजिन, दोन टर्बो आणि २८० पीएस, म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती. जपानी कंपन्यांनी पुढे कितीतरी वर्षं आपसांत पाळलेली २८० पीएसची मर्यादा याच गाडीच्या आकड्यापासून सुरू झाली. रुंद, बुटकी, तिरप्या काचेखाली दडलेल्या हेडलाइटची ही गाडी. लॅम्बोर्गिनीने १९९९च्या डियाब्लोवर हेच हेडलाइट वापरले. मुळातच इतक्या सलग आकाराच्या गाडीला किट लावणं अवघड असतं. बहुतेक किट वरून चिकटवल्यासारखे दिसतात. आम्ही शोधत होतो तो मला अपवाद वाटतो: त्याच्या बंपरची खालची ओठासारखी कड बॉनेटच्या उताराला धरून खाली येते आणि साइड स्टेप तीच रेघ मागच्या चाकापर्यंत नेतात.

आता अडचण. झेड ३२च्या टू-सीटरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २४५० मिलिमीटर, टू-बाय-टूचा २५७०. १२० मिलिमीटरचा फरक. समोरून पाहिलं तर दोन्ही गाड्या सारख्याच, बाजूने पाहिलं तरी सवय नसलेल्या डोळ्याला पटकन कळत नाही. पेट्रोलच्या टाकीचं झाकण दोन्हींत वेगळ्या जागी असतं, ती ओळखायची सोपी खूण. कागदावर मात्र फरक स्पष्ट आहे. टू-सीटर टर्बो म्हणजे सीझेड३२, टू-बाय-टू टर्बो म्हणजे जीसीझेड३२, बिनटर्बो टू-बाय-टू जीझेड३२, आणि १९९२मध्ये आलेली उघड्या छपराची एचझेड३२. जपानमधला विक्रेता जाहिरातीत हे सगळं लिहीलच असं नाही. तो नुसतं झेड ३२ लिहितो. त्याच्या दृष्टीने ते बरोबरही असतं, कारण त्याच्याकडे तीच एक गाडी होती.

ट्यूनिंगवाल्यांची पसंती टू-सीटरला. साहजिकच किटही आधी तिच्यासाठी बनायचे. टू-बाय-टूसाठी लांब साइड स्टेप कुणी काढल्या असतील तर त्या त्याहूनही कमी. म्हणजे आधीच दुर्मिळ असलेल्या संचाची आम्हाला त्यातलीही दुर्मिळ आवृत्ती हवी होती.

असे किट संपतात कसे

हे किट कारखान्यातल्या प्लास्टिकच्या बंपरसारखे यंत्रातून निघत नाहीत. साच्याला मेण लावायचं, जेलकोटचा, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या गुळगुळीत रेझिनचा, थर द्यायचा, त्यावर काचेच्या तंतूंची मॅट अंथरून ब्रशने आणि रोलरने पॉलिएस्टर रेझिन जिरवायचं, सुकलं की साच्यातून उपटायचं. हे सगळं हाताने. प्रत्येक उपटण्यात साचा थोडा थोडा झिजतो, कोपरे बोथट होतात, पृष्ठभाग पुन्हा पॉलिश करावा लागतो. छोट्या वर्कशॉपला जागेचं भाडं असतं, आणि बंपरचा साचा बंपरपेक्षाही मोठी जागा अडवतो. मागणी संपली की साचे टाकून दिले जातात. जपानमध्ये १९९५च्या नोव्हेंबरमध्ये गाडीत बदल करण्याचे नियम बरेच सैल झाले आणि अशा भागांचा बाजार फुलला. त्या लाटेत उभी राहिलेली अनेक छोटी नावं लाट ओसरल्यावर टिकली नाहीत.

उरलेला माल रस्त्यावर संपतो. पुढचा बंपर सगळ्यात आधी जातो: फूटपाथच्या कडा, पार्किंगचे उतार, बर्फ. साइड स्टेप जास्त टिकतात, मागचा भाग त्याहून जास्त. गंमत अशी की मागचा भाग टिकला तरी विकायला येत नाही. गाडी विकताना लोक पुढचा मूळ बंपर परत बसवतात, मागचा किट तसाच राहतो आणि गाडीबरोबर निघून जातो. पूर्ण संच एकाच हातात क्वचित दिसतो, तो यामुळे.

कंपन्यांनी अलीकडे जुन्या गाड्यांचे भाग पुन्हा काढायला घेतले आहेत. निस्सानच्या निस्मो शाखेने २०१७मध्ये आर३२ जीटी-आरपासून सुरुवात केली, टोयोटाने २०२०मध्ये सुप्रासाठी. पण ते कंपनीचे मूळ भाग. बंद पडलेल्या वर्कशॉपचा किट कुठलीही कंपनी पुन्हा काढणार नाही.

शोध

शोधायच्या जागा ठरलेल्या. याहू ऑक्शन्स ही लिलावाची साइट, मेरकारी हे जुन्या वस्तूंचं ॲप, आणि अप गॅरेज ही जुन्या पार्टची साखळी. त्याशिवाय झेडवरच काम करणारी जपानी गॅरेज. त्यांच्याकडे शेडच्या मागे काय पडलेलं असतं ते कधीच कुठे नोंदलेलं नसतं, विचारल्याशिवाय कळत नाही. शोध जपानी लिपीतच करावा लागतो. रोमन अक्षरांत लिहून सापडतो तो परदेशी ग्राहकांसाठीच मांडलेला माल, आणि त्याची किंमतही तशीच असते.

दोन गोष्टी नवख्याला माहीत असायला हव्यात. पहिली: जाहिरातीत ब्रँडच्या नावापुढे ‘टाइप’ असा शब्द असेल तर ती वस्तू त्या ब्रँडची नाही, तिच्यासारखी दिसणारी आहे. विक्रेता इथे फसवत नसतो, प्रामाणिकपणे सांगत असतो. पण भाषांतर यंत्राने वाचणाऱ्याच्या नजरेतून तो शब्द निसटतो. दुसरी: नावानिशी शोधलं की ज्याला किंमत माहीत आहे असाच विक्रेता सापडतो. म्हणून आम्ही नाव सोडून दिलं आणि ‘झेड ३२, फ्रंट बंपर, एफआरपी, मेकर अज्ञात’ अशा शब्दांवर नजर ठेवली (एफआरपी म्हणजे फायबर). जुन्या छायाचित्रांवरून मालकाला बंपरच्या हवेच्या तोंडांचा आकार पाठ झाला होता. जाहिरात त्यामुळेच हाती लागली.

विक्रेता जपानच्या क्युशू बेटावरचा एक खासगी माणूस होता. वस्तू: पुढचा बंपर आणि साइड स्टेपची जोडी, मागचा भाग नाही. फोटो सगळे समोरून. खाली नेहमीच्या अटी: जसं आहे तसं, तक्रार नाही, परतावा नाही. पाठवणी एकतर स्वतः येऊन न्या, नाहीतर सेइनो ट्रान्सपोर्ट या ट्रक कंपनीच्या शाखेपर्यंत.

बोली लावण्याआधी विचारलेले प्रश्न

परदेशातून याहू ऑक्शन्सवर सहसा मध्यस्थ सेवेमार्फतच खरेदी होते. या सेवा बोली लावतात, पैसे भरतात, माल गोदामात घेतात. विक्रेत्याला प्रश्न विचारायला त्या फारशा उत्सुक नसतात; काही नकार देतात, काही वेगळे पैसे घेतात. इथे काटकसर करू नये असं माझं ठाम मत आहे. आम्ही विचारलं ते एवढंच: बंपरच्या मागच्या बाजूचे, पूर्ण उजेडातले फोटो, बोल्ट लागतात त्या पट्ट्यांचे जवळून फोटो, आणि साइड स्टेपच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत टेप लावून एक फोटो. ‘लांबी किती’ असं विचारलं तर माणूस अंदाजाने सांगतो. टेपसकट फोटो मागितला की मोजावंच लागतं.

इकडे मालकाने गाडीच्या बाजूला पुठ्ठा लावून, पुढच्या चाकाच्या कमानीपासून मागच्या कमानीपर्यंत नेमकी रेघ आखून घेतली.

विक्रेत्याने दोन दिवसांत सगळं पाठवलं, आणि विचारलं होतं त्याहून जास्त. अनोळखी परदेशी माणसासाठी कुणी शेडमधून बंपर बाहेर अंगणात आणतो, उलटा करतो, पुसतो आणि फोटो काढतो, याबद्दल मला आजही आदर वाटतो.

मागच्या बाजूने बरंच काही सांगितलं. मॅटचे तंतू वेडेवाकडे पसरलेले, रेझिन हाताने जिरवल्याच्या खुणा, कडेला थर जाड, म्हणजे नुसतं दाखवायला काढलेलं पातळ काम नव्हतं. डाव्या खालच्या कोपऱ्यात वेगळ्या रंगाचा चौकोन दिसत होता आणि त्यात विणलेल्या कापडाची जाळी स्पष्ट होती: जुनी दुरुस्ती, बाहेरून रंगाखाली लपलेली. बोल्टच्या पट्टीवर जास्तीची भोकं होती, म्हणजे बंपर एकापेक्षा जास्त गाड्यांवर बसला होता. मला ही चांगली खूण वाटली. जो बंपर दोनदा बसला तो तिसऱ्यांदाही बसेल. आणि मुख्य म्हणजे हवेच्या तोंडांच्या आतल्या कडा धारदार होत्या. वापरलेल्या बंपरवरून साचा काढून नक्कल केली की पहिल्यांदा या कडा मरतात. मूळ बंपरवरचे ओरखडे, बुजवलेली भोकं, पुटीचे उंचवटे हेही नकलेत जसेच्या तसे उतरतात. इथे त्यातलं काही नव्हतं.

टेपच्या फोटोने मात्र निराशा केली. साइड स्टेप पुठ्ठ्यावरच्या रेघेपेक्षा जवळपास १२ सेंटिमीटरने कमी भरली. टू-सीटरची होती.

निर्णय

इथे तीन वाटा होत्या. सोडून द्यायचं आणि लांब स्टेपची वाट पाहायची. नुसता बंपर मागायचा. पण विक्रेता जोडी फोडायला तयार नव्हता, आणि त्याचं बरोबर होतं. किंवा सगळं घ्यायचं आणि स्टेप लांबवायच्या.

तिसऱ्या वाटेला जाणकारांचा आक्षेप असतो, आणि तो मला मान्य आहे: उरलेल्या मोजक्या अस्सल स्टेपवर करवत चालवणं म्हणजे दुसऱ्या कुणाच्या टू-सीटरचा घास हिरावणं. त्या स्टेपमध्ये काही खोट नाही, त्या फक्त आमच्या गाडीच्या नाहीत. म्हणून शेवटी असं ठरलं: अस्सल स्टेपना हात लावायचा नाही. त्यांच्यावरून साचा काढायचा, नक्कल बनवायची आणि कापाकापी नकलेवर करायची. खर्च वाढतो, वेळ लागतो, पण काही बिघडलं तर मूळ वस्तू शाबूत राहते.

दुसऱ्याच्या डिझाइनची नक्कल करायची का, हाही प्रश्न होता. बंद पडलेल्या वर्कशॉपला विचारायची सोय नव्हती. मालकाने स्वतःपुरती रेघ आखली: एकाच गाडीसाठी, एकच जोडी, विक्री नाही, आणि साचा कुणाला द्यायचा नाही. शिवाय नकलेच्या मागच्या बाजूला ती नक्कल असल्याचं आणि कोणत्या वर्षी बनली ते रेझिनखाली कायमचं लिहायचं. पुढे गाडी विकली गेली तरी कुणी ती अस्सल म्हणून खपवू नये. अशा बाबतीत सगळ्यांनी इतकं केलं तर खोट्या मालाचा निम्मा गोंधळ मिटेल.

बोलीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. विक्रेत्याने वेळ आपोआप वाढण्याची सोय चालू ठेवली असेल तर शेवटच्या पाच मिनिटांत आलेली प्रत्येक बोली लिलाव आणखी पाच मिनिटं पुढे ढकलते. शेवटच्या क्षणी झडप घालण्याचा तिथे उपयोग नसतो. मालकाने आपली कमाल रक्कम आधीच ठरवली आणि तीच टाकली. खासगी विक्रेत्याच्या मालावर वेगळा कर लागत नाही; दुकानाची जाहिरात असेल तर १० टक्के उपभोग कर वरून आहे का, ते बोलीआधी वाचून घ्यावं.

बाहेर काढणं

खरा खर्च इथे सुरू होतो, आणि तो वजनाचा नसतो, जागेचा असतो.

गाडी सुमारे १.८ मीटर रुंद, म्हणून बंपरही तेवढाच. जपान पोस्टची ईएमएस सेवा सगळ्यात लांब बाजू १.५ मीटरपर्यंतच घेते, वजनाची मर्यादा ३० किलो. यामातोची घरपोच सेवा लांबी, रुंदी आणि उंची मिळून २०० सेंटिमीटरला थांबते. सागावाची मोठ्या मालाची सेवा २६० सेंटिमीटरपर्यंत जाते. पॅक केलेला बंपर या सगळ्यांच्या पलीकडे जातो. म्हणून विक्रेते सेइनोसारख्या ट्रकवाल्यांकडे वळतात, आणि ते असा माल बहुतेकदा खासगी घरी पोचवत नाहीत. कंपनीचा पत्ता लागतो किंवा शाखेतून स्वतः उचलावा लागतो. नेहमीच्या मध्यस्थ सेवांची गोदामंही इतका मोठा माल नाकारतात किंवा जबर आकार लावतात. हे बोली जिंकल्यावर कळणं फार महागात पडतं. आम्ही कोबे बंदरातल्या एका फ्रेट फॉरवर्डरशी, म्हणजे माल परदेशी पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्याशी, आधीच बोलून ठेवलं होतं. त्याचा पत्ता कंपनीचा होता आणि क्रेट, म्हणजे लाकडी पेटी, बांधून देणारे लोकही त्याच्याकडे होते.

क्रेटचं माप १९० × ७५ × ७० सेंटिमीटर. हे माप मुद्दाम काढलेलं. हवाई कुरियरवाले सहसा घनसेंटिमीटरला ५,०००ने भागून वजन धरतात. या क्रेटचं ते धरलेलं वजन जवळपास २०० किलो होतं, खरं वजन त्याच्या पावही नव्हतं. विमानाने आणलं असतं तर भाडं मालाच्या किमतीच्या कितीतरी पुढे गेलं असतं. समुद्राने, दुसऱ्यांच्या मालाबरोबर कंटेनरमध्ये जागा घेतली तर दर घनमीटरवर असतो, आणि साधारण किमान एक घनमीटर धरतात. आमचा क्रेट एक घनमीटरच्या किंचित आत बसला, म्हणजे भरलेल्या पैशांतली जागा वाया गेली नाही. साइड स्टेप बंपरच्या पोकळीतच, फोमच्या खाचांमध्ये ठेवल्या. कंटेनरच्या भाड्याचा आकडा लहान दिसतो. दोन्ही बंदरांवरची हाताळणी, कागदपत्रं आणि गोदामाचे आकार मिळून तो मोठा होतो. कोटेशन घेताना हे सगळं धरून एकच आकडा मागावा.

बंपर मधोमध कापून दोन तुकड्यांत पाठवला तर भाडं वाचतं, असा सल्ला आम्हालाही मिळाला. काही लोक खरंच तसं करतात. मला ते पटत नाही. बंपरचा आकार धरून ठेवणारी सगळ्यात महत्त्वाची रेघ मध्यभागी असते आणि ती एकदा तुटली की पुन्हा तशीच जुळत नाही.

क्रेट बांधताना एक गोष्ट आम्ही लिहूनच दिली होती: बंपरचं वजन त्याच्या खालच्या कडेवर येता कामा नये. तो जिथे गाडीला बोल्टने लागतो त्या पट्ट्यांवर तोललेला हवा. कड पातळ असते, आठवडेच्या आठवडे जहाजाच्या हेलकाव्यात तिच्यावर भार राहिला तर ती वाकते किंवा तडकते. लाकडी पॅकिंगसाठी आयएसपीएम १५ हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. घन लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सियसला ३० मिनिटं तापवलेलं आणि तसा शिक्का मारलेलं हवं. प्लायवुडला ही अट लागू नाही. आम्ही चौकट शिक्क्याच्या लाकडाची आणि बाजू प्लायवुडच्या घेतल्या.

इन्व्हॉइसवर ‘वापरलेले फायबरचे भाग’ असं स्पष्ट लिहिलं, बंपर कस्टम्सच्या ८७०८.१० या शीर्षकाखाली आणि स्टेप ८७०८.२९ खाली, खऱ्या किमतीला. किंमत कमी दाखवायचा मोह अनेकांना होतो. कस्टम्सने अडवलं तर गोदामाचं भाडं वाचवलेल्या रकमेपेक्षा जास्त होतं, आणि विम्याची भरपाईही त्या खोट्या किमतीवरच मिळते. विम्याचं आणखी एक: जुन्या मालावर बरेचदा पूर्ण नुकसानीचंच संरक्षण मिळतं. तडा गेला तर काही मिळत नाही. म्हणून पैसा विम्यापेक्षा क्रेटवर घालवलेला बरा.

पोचल्यावर

क्रेट उघडताना प्रत्येक टप्प्याचे फोटो काढले. तुटलेलं काही नव्हतं. फोटोत दिसलेला डावा कोपरा अपेक्षेप्रमाणेच होता: बाहेरून जाड पुटी, आतून कापडाचा ठिगळ. एका बोल्टच्या भोकाभोवती केसासारख्या चिरा होत्या. आणि बंपर थोडा ‘उघडला’ होता, म्हणजे दोन्ही टोकं एकमेकांपासून लांब गेली होती. वर्षानुवर्षं आडव्या ठेवलेल्या फायबरचं हे होतंच. बंपर तसाच ओढून बोल्ट लावला तर गाडी चालताना तो ताण चिरांमध्ये उतरतो. म्हणून तो गाडीवर सैल बोल्टने अडकवला, हीट गनने सावकाश, हाताला जेमतेम सोसेल त्याहून थोडं जास्त गरम करत टोकं आत घेतली आणि तशीच बांधून पूर्ण थंड होऊ दिली. हे रंगाआधीच करायचं.

कोपऱ्याची दुरुस्ती उकरून काढली. ठिगळाखाली तडा जिवंत होता. आधीच्या माणसाने तो फक्त झाकला होता. मागून तडा उतरता घासून, रुंद उतार करून, त्यावर लहानापासून मोठ्या तुकड्यांपर्यंत मॅटचे थर दिले. मूळ काम पॉलिएस्टरचं, म्हणून दुरुस्तीही पॉलिएस्टरनेच. इपॉक्सी हे दुसऱ्या जातीचं रेझिन जास्त मजबूत असतं आणि जुन्या पॉलिएस्टरला घट्ट धरतं, पण त्यावर पुन्हा पॉलिएस्टर किंवा जेलकोट नीट बसत नाही. शिवाय नेहमीच्या मॅटचे तंतू ज्या चिकट द्रव्याने बांधलेले असतात ते पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतं, इपॉक्सीमध्ये विरघळत नाही. मॅट ताठर राहते आणि थरांत हवा अडकते. कोणता माल कशाबरोबर जातो हे न बघता केलेल्या दुरुस्त्या अशाच पुन्हा उघडतात.

मग एक काम असं निघालं ज्याचा आम्ही आधी पुरेसा विचार केला नव्हता. झेड ३२ टर्बोचे दोन इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून आलेली हवा थंड करणारे भाग, पुढच्या दोन कोपऱ्यांत, बंपरच्या आड असतात. किटच्या बंपरची तोंडं दिसायला मोठी होती, पण आतून इंटरकूलरपर्यंत चारी बाजूंनी झाकलेली वाट नव्हती. हवा आत येऊन चाकाच्या पोकळीत पळून जायची. अॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या छोट्या वाटा बनवून, कडेला रबर लावून हवा इंटरकूलरच्या तोंडापर्यंत नेली. नंबरप्लेटची खाचही जपानी मापाची, ३३० × १६५ मिलिमीटर. ती बुजवायची नाही असं ठरलं आणि प्लेटसाठी वेगळा ब्रॅकेट केला. अमेरिकेत विकल्या गेलेल्या झेड ३२वर हाच बंपर बसवायचा असता तर बाजूच्या मार्कर दिव्यांची जागाही त्यात मिळाली नसती.

साइड स्टेपचं काम सगळ्यात वेळखाऊ. अस्सल जोडीला मेणाचे थर देऊन, त्यावर पीव्हीए (साचा चिकटू न देणारा पातळ थर) फिरवून साचे काढले. नक्कल बनवली आणि मधल्या सरळ भागात कापली, जिथे आकार फारसा बदलत नाही. १२० मिलिमीटरचा तुकडा घालायचा असं सरळ गणित चालत नाही. पुढचा अर्धा भाग पुढच्या चाकाच्या कमानीला, मागचा अर्धा मागच्या कमानीला गाडीवरच बसवला, मध्ये लवचिक लाकडी पट्टी ताणून वरची आणि खालची रेघ घेतली आणि पडेल तेवढं अंतर भरलं. डावीकडचं आणि उजवीकडचं अंतर अगदी सारखं निघालं नाही. तीस वर्षांच्या गाडीत ते निघणारही नाही. लांबलेली स्टेप मला तर मूळच्यापेक्षा गाडीला जास्त शोभते असं वाटतं. टू-बाय-टूचं लांब दार आणि मागची काच यांना खाली आधार मिळतो.

अस्सल स्टेप भिंतीवर सपाट टांगून ठेवल्या आहेत, टेकवून नाहीत, नाहीतर त्याही वाकतील. टू-सीटरवर हाच पुढचा बंपर असलेला कुणी भेटला तर त्या त्याच्याकडे जातील, घेतल्या त्याच भावात.

मागचा भाग

तो अजून मिळालेला नाही. गाडीवर सध्या कंपनीचा मागचा बंपर आहे आणि पुढचा किट त्याच्याशी विसंगत दिसत नाही. मध्ये एक जाहिरात आली होती, आकार ओळखीचा, रंगवलेला, चकाचक. विक्रेत्याला आतल्या बाजूचे फोटो आणि कडेपासून कडेपर्यंत टेप मागितली. दोन्ही बॉडींच्या मागच्या भागांत किती फरक धरायचा हे मापाशिवाय ठरवायचं नाही असं आम्ही आधीच ठरवलं होतं. उत्तर आलं की बंपर गाडीवर बसवलेला आहे, काढता येणार नाही, फोटोत आहे तेवढंच. मालकाने बोली लावली नाही. जपानी शब्दांचा शोध आणि पुठ्ठ्यावरची मागची मापं त्याच्याकडे तयार आहेत, आणि कोबेच्या फॉरवर्डरला पुढच्या क्रेटचं माप कळवलेलं आहे.